कुणाचं काय चुकलं?

बायपास झाली की लोक शहाळी घेऊन भेटायला येतात. मधुमेह निघाला की मेथीच्या दाण्यांपासून ओळखीच्या डॉक्टरांपर्यंत सगळं सुचवतात. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं की मात्र माणसांच्या आधी एक प्रश्न घरात येऊन बसतो. "घरात काही झालं होतं का?" कुणी तोंडावर विचारतं, कुणी जिन्यात गाठून, कुणी फोनवर तिसऱ्याच माणसाला. आवाज मऊ असतो, पण विचारायचं असतं ते एवढंच : कुणाचं काय चुकलं?

या प्रश्नालाही एक इतिहास आहे. गेले काही महिने जमेल तसं त्यावर वाचतेय. आपल्या नात्यातले बरेच जण इथे डोकावतात, तेव्हा मंडळी, आज जरा लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी नावाची गोष्ट. एमिल क्रेपेलिन हा जर्मन डॉक्टर हायडेलबर्गला होता. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड करायचं, आजार कधी सुरू झाला, पुढे काय झालं ते त्यावर टिपत जायचं, असा त्याचा खाक्या. कार्डं साठत गेली तसे त्याला दोन ढीग दिसायला लागले. एका ढिगातली माणसं कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जायची, पण मधल्या काळात पुन्हा पहिल्यासारखी व्हायची. दुसऱ्या ढिगातली ऐन तारुण्यात आजारी पडायची आणि बहुतेक जण खालावत जायचे. या दुसऱ्या ढिगाला त्याने 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' म्हटलं, म्हणजे अकाली आलेला बुद्धिभ्रंश. १८९९ साली निघालेल्या त्याच्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत ही विभागणी पक्की झाली. १९०४ मध्ये तो जावा बेटावर गेला, तर तिथल्या मनोरुग्णालयातही हा आजार त्याला भेटलाच.

मूळ मेंदूत असणार अशी क्रेपेलिनची खात्री होती. अल्झायमर हा त्याचाच सहकारी. अल्झायमरला त्याच्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या आजारात मेंदूतले बदल सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, पण या आजारात तसं ठळक काही कुणाला दिसेना. ही रिकामी जागा लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिच्यातच झाला.

दुसरा माणूस स्वित्झर्लंडचा, ऑयगेन ब्लॉयलर. झुरिकजवळच्या शेतकरी कुटुंबातला. त्याची स्वतःची बहीण मनोरुग्ण होती आणि पुढे ती त्याच्याच घरी राहायची. १८८६ ते १८९८ अशी बारा वर्षं तो ऱ्हाइन नदीतल्या एका बेटावरच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख होता. तिथे तो रुग्णांबरोबर जेवायचा, त्यांच्याबरोबर काम करायचा. इतक्या जवळून बघणाऱ्या माणसाला दिसलं की सगळेच काही खालावत नाहीत. काही सुधारतात, काही मध्येच अगदी शहाण्यासारखं बोलून जातात. मग याला बुद्धिभ्रंश कसं म्हणायचं? १९०८ च्या एप्रिलमध्ये बर्लिनच्या एका सभेत त्याने नवा शब्द मांडला, 'स्किझोफ्रेनिया'. ग्रीकमधले दोन शब्द जोडलेले, चिरणं आणि मन. १९११ मध्ये त्याचं यावरचं मोठं पुस्तक आलं. आपला 'छिन्नमनस्कता' हा शब्द याचाच.

इथे एक गैरसमज काढून टाकूया. एका माणसात दोन माणसं असणं, सकाळी एक आणि रात्री दुसरा, हा स्किझोफ्रेनिया नव्हे. ते सिनेमातलं. ब्लॉयलरला म्हणायचं होतं ते असं की विचार, भावना आणि वागणं यांना एकत्र ओवणारा दोरा सैल होतो. म्हणून बोलणं एका रुळावरून दुसऱ्यावर जातं, दुःखाची बातमी सांगताना हसू येतं. शिवाय आसपास कुणी नसताना आवाज ऐकू येतात. कधी दोघं जण आपल्याबद्दल बोलताहेत, कधी कुणीतरी आपल्या प्रत्येक कृतीचं धावतं वर्णन करतंय. शेजारी कट करताहेत, टीव्हीवरचा माणूस मलाच उद्देशून बोलतोय, माझ्या डोक्यातले विचार लोकांना कळताहेत असं वाटतं, आणि कितीही समजावलं तरी ते हटत नाही.

ही झाली लोकांच्या नजरेत भरणारी लक्षणं. घरच्यांना जास्त छळतात ती दुसरी. बोलणं कमी होतं, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, आंघोळ राहते, मित्र तुटतात, दिवसदिवस माणूस भिंतीकडे बघत पडून असतो. यांना कुणी लक्षणं म्हणत नाही. याला आपल्याकडे 'आळशीपणा' म्हणतात, नाहीतर 'माज'. लक्ष न लागणं, केलेलं काम ध्यानात न राहणं हेही आजाराचाच भाग, पण तेही हलगर्जीपणाच्या खात्यात जमा होतं.

आता त्या रिकाम्या जागेकडे येऊ. मेंदूत काही सापडेना, तेव्हा विसाव्या शतकाच्या मध्यावर, विशेषतः अमेरिकेत, मनोविश्लेषणाचा जोर वाढला आणि कारणाचा शोध घरात सुरू झाला. फ्रीडा फ्रॉम-राइखमान या डॉक्टरबाई मेरीलँडच्या चेस्टनट लॉज या रुग्णालयात काम करायच्या. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेल्या, रुग्णांशी अतिशय मायेने वागणाऱ्या. बाकीच्यांनी आशा सोडलेल्या रुग्णांशी त्या तासन् तास बोलत बसायच्या. त्यांच्याच १९४८ च्या एका लेखातून 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' असा अर्थ असलेला शब्दप्रयोग पुढे आला आणि बघता बघता तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी एक सिद्धांत मांडला. आई तोंडाने 'ये' म्हणते आणि अंगाने 'दूर हो' म्हणते, अशा पेचात वाढलेलं मूल शेवटी वास्तवच सोडून देतं, असा त्याचा सारांश.

ही आई कशी असते म्हणे? थंड, मुलाला झिडकारणारी. दुसरे म्हणायचे, नाही, फार जपणारी, मुलाला श्वास घेऊ न देणारी. म्हणजे कशीही असली तरी तीच. आणि पुरावा काय? डॉक्टरांसमोर बसलेली बाई. जिचा मुलगा काही वर्षांपासून आजारी आहे, जी रात्र रात्र झोपलेली नाही, जी बोलताना चाचरते आणि मध्येच कोरडी होते, तिच्याकडे बघून ठरवायचं की ही अशी आहे म्हणून तो तसा झाला. तो तसा झाला म्हणून ही अशी झाली असेल, हा विचार फार थोड्यांना सुचला. निरोगी मुलांच्या आयांशी नीट तुलना तर जवळजवळ नव्हतीच.

हे वाचताना मला माझी एक मावशी आठवत राहिली. तिच्या मुलाला बाविसाव्या वर्षी हा आजार झाला. मावशी नोकरी करायची. सासरची मंडळी म्हणायची, आई दिवसभर बाहेर, पोराकडे बघणार कोण? माहेरची म्हणायची, एकुलता एक म्हणून तळहातावरच्या फोडासारखा जपला, त्याचे परिणाम. यातल्या कुणीही बेटसनचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. मावशी दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायची आणि रात्री हिशेब करत बसायची. पाचवीत त्याला एकदा मारलं होतं, ते का? त्याला सायन्सला घातलं, ते का? लग्नकार्यांना जाणं तिने सोडलं ते लोकांच्या प्रश्नांमुळे. मुलाच्या आजाराने जेवढी ती थकली नाही तेवढी या हिशेबाने थकली. अमेरिकेत अशा आयांची एक अख्खी पिढी होती. फरक इतकाच की त्यांना हे डॉक्टरांनी सांगितलं होतं.

याच काळात आपल्याकडे नेमकं उलटं काहीतरी घडत होतं, आणि ते मला आधी अजिबात ठाऊक नव्हतं. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते डॉ. विद्यासागर. १९५० च्या दशकात त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावलं. नातेवाइकांनी रुग्णाजवळ राहायचं, त्याची सेवा करायची, आणि डॉक्टर सगळ्यांना एकत्र बसवून आजाराबद्दल समजावून सांगणार. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही त्याच दशकाच्या अखेरीस कुटुंबाला सोबत ठेवून उपचार सुरू झाले.

यात थोडी गरजही होती. खाटा कमी, डॉक्टर आणि नर्स त्याहून कमी. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात पेशंटबरोबर डबा आणि चटई घेऊन कुणीतरी बसलेलं असतंच, तेच हे. पण गरज होती म्हणून शहाणपण कमी ठरत नाही. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात कुटुंबाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जात असताना अमृतसरचा एक डॉक्टर त्याच कुटुंबाला मदतीला बोलावत होता.

औषधाची गोष्टही त्याच दशकातली. पॅरिसच्या सेंट-अॅन रुग्णालयात १९५२ मध्ये जाँ दले आणि पिएर देनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरून पाहिलं. आपल्याकडे जुन्या लोकांना ते 'लार्गॅक्टिल' म्हणून आठवेल. आवाज मंदावले, संशय निवळले, वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं बोलू लागली. तोवरचे उपाय म्हणजे इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणं, विजेचे झटके, नाहीतर मेंदूचा भागच कापणं. त्या कापाकापीला १९४९ चं नोबेलही मिळून गेलं होतं.

दुसरं औषध आपल्या मातीतलं. सर्पगंधेचं मूळ वेडावर देतात हे वैद्यांना ठाऊक होतंच. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर लेख लिहिला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटनच्या नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष गेलं. तिच्यातून वेगळं काढलेलं रेसर्पिन अमेरिकेत नेथन क्लाइनने १९५४ च्या सुमारास मनोरुग्णांना दिलं. औषध म्हणून ते पुढे मागे पडलं, पण जाता जाता मोठं काम करून गेलं. स्वीडनच्या अर्विद कार्लसनने सशांना रेसर्पिन दिलं तेव्हा ते निपचित पडले, आणि डोपामिन ज्यापासून तयार होतं तो पदार्थ टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. हे १९५७ चं. मेंदूतल्या डोपामिनचं महत्त्व असं कळलं, आणि स्किझोफ्रेनियावरची औषधं डोपामिनचा संदेश अडवतात हे पुढच्या वर्षांत उलगडलं. कार्लसनला २००० साली नोबेल मिळालं.

पण गोळीने आवाज थांबतो म्हणून आई निर्दोष ठरत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा हवा होता. तो १९६६ मध्ये लेनर्ड हेस्टन या अमेरिकन डॉक्टरने आणला. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत सुंदर काम वाटतं, कारण प्रश्न अगदी सरळ होता. आईच्या वागण्याने हा आजार होत असेल, तर आजारी आईपासून जन्मताच दूर गेलेल्या मुलांना तो व्हायला नको. हेस्टनने ओरेगनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची अशी ४७ मुलं शोधली, जी जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच दुसरीकडे वाढायला गेली होती. तुलनेसाठी ५० मुलं अशीच दूर वाढलेली, पण निरोगी आयांची. पहिल्या गटात पाच जणांना स्किझोफ्रेनिया झाला. दुसऱ्या गटात एकालाही नाही. दोन वर्षांनी सेमूर केटी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या नोंदी तपासल्या, त्यांचा कलही तोच निघाला. १९७६ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थविक पार्कमध्ये ईव्ह जॉन्स्टन यांनी तेव्हा नव्या असलेल्या सीटी स्कॅनने रुग्णांचे मेंदू पाहिले, तर आतल्या द्रवाच्या पोकळ्या मोठ्या झालेल्या दिसल्या. क्रेपेलिनच्या रिकाम्या जागेत पहिल्यांदा काहीतरी दिसलं.

मग म्हणजे 'रक्तातच आहे' का? इथेही थांबायला हवं, कारण दोष आईच्या वागण्यावरून उचलून आईच्या माहेरच्या घराण्यावर ठेवणं आपल्याला सहज जमतं. जुळ्यांचं बघा. एकाच बीजाची जुळी, सगळी जनुकं सारखी, तरी एकाला आजार असेल तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात तेहतीस ते पन्नासच्या आसपास येतं. शंभर कुठेही नाही. सख्ख्या भावंडाचं प्रमाण शंभरात नऊ-दहा, म्हणजे नव्वद भावंडांना तो होत नाही. सर्वसामान्य माणसाचं शंभरात एक किंवा त्याहून थोडं कमी. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकांमधल्या २८७ जागांचा या आजाराशी संबंध आढळला. बहुतेक जागांचा वाटा चिमूटभर, आणि तुमच्या-माझ्यातही त्यातलं थोडंथोडं असणारच.

त्यात बाकीच्या गोष्टी मिसळतात. गर्भारपणातली उपासमार ही एक. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये जर्मन नाकेबंदीमुळे दुष्काळ पडला, त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला त्यांच्यात पुढे या आजाराचं प्रमाण दुप्पट आढळलं. बाळंतपणातली गुंतागुंत, मोठ्या शहरात वाढणं, कोवळ्या वयात गांजा, लहानपणी झालेला छळ, यांनीही धोका वाढतो. छळ म्हणजे छळ. अभ्यास केला नाही म्हणून दिलेला एक धपाटा नव्हे.

आणि वय. पौगंडावस्थेत मेंदू नको असलेल्या जोडण्या छाटून टाकतो. ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असा एक धागा २०१६ मध्ये सी-४ नावाच्या जनुकाच्या अभ्यासातून मिळाला. तो अजून तपासला जातोय. आजार साधारणपणे सतरा-अठरापासून पंचविशी-तिशीपर्यंत डोकं वर काढतो, मुलींमध्ये थोडा उशिरा. आता विचार करा, त्याच वयात आपल्याकडे काय काय चालू असतं? बारावी, इंजिनियरिंग, होस्टेल, पहिली नोकरी, प्रेमभंग, नवं लग्न. आजार कधीही सुरू झाला तरी त्याच्या आदल्या वर्षात बोट दाखवायला काहीतरी सापडतंच. 'त्या मुलीमुळे झालं', 'सासरी छळ झाला असणार', 'बापाने सायन्सची सक्ती केली'. ताणाने आजाराला धक्का मिळू शकतो हे खरं, पण तेवढ्याने कारण सापडलं असं होत नाही.

मग कुटुंबाचा काहीच संबंध नाही का? आहे, पण वेगळ्या ठिकाणी. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांना दिसलं की रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी ज्यांच्या घरात सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असते त्यांचा आजार जास्त वेळा उलटतो. १९८७ मध्ये चंडीगढच्या कुटुंबांवरचा असाच अभ्यास छापून आला. लंडनच्या मानाने तिथे टोमणे कमी आणि अशी घरंही कमी निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकात नऊ देशांत सुरू केलेल्या पाहणीत आग्रा आणि नायजेरियातलं इबादान इथले रुग्ण काही वर्षांनी श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे आढळले. या निष्कर्षावर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, आणि त्यावरून आपण कॉलर ताठ करावी असंही नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा २८ मनोरुग्ण साखळ्यांना बांधलेल्या अवस्थेत जळून गेले. त्यांनाही घरं होती.

शेवटी आरोप झालेल्यांनीच मुक्काम हलवला. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात, मुलांना हा आजार असलेल्या दोन आयांच्या पुढाकाराने कुटुंबांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. चेन्नईत १९८४ मध्ये डॉ. शारदा मेनन यांनी 'स्कार्फ' सुरू केली. पुण्यात १९९७ मध्ये डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. ते डॉक्टर नव्हते, कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला होता. २००४ चा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' त्यांच्याच पाठबळाने झाला. जपानमध्ये तर कुटुंबांच्या मागणीवरून २००२ मध्ये आजाराचं नावच बदललं. 'मन दुभंगण्याचा आजार' याऐवजी 'एकसंधता बिघडण्याचा विकार'.

औषधांचं काम अजून चालूच आहे. डोपामिनला थेट न अडवणारं पहिलं औषध अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं. कुणाला गोळ्यांनी खूप बरं वाटतं, कुणाला थोडं, कुणाला त्या सोसतच नाहीत. नोकरी करणारे, संसार करणारे रुग्ण आहेत आणि वर्षानुवर्षं झुंजणारेही आहेत. पण उपचार जितके लवकर तितकी शक्यता चांगली, यावर बहुतेक सगळ्यांचं एकमत आहे. आणि उपचाराला उशीर का होतो? बऱ्याचदा लाजेने. निदान झालं की आपल्यावर बोट येणार हे आईबापांना माहीत असतं, म्हणून ते वर्षभर 'ताण आहे, होईल ठीक' म्हणत राहतात, अंगारे-धुपारे करतात, गाव बदलतात. 'कुणाचं काय चुकलं?' या प्रश्नाची किंमत अशी रुग्णाकडूनच वसूल होते.

तेव्हा पुढच्या वेळी अशा घरी जाल तर कारण शोधायला जाऊ नका. ते शोधायला सव्वाशे वर्षं मोठमोठी डोकी लागली आहेत आणि काम संपलेलं नाही. त्यापेक्षा विचारा, 'ओपीडीला मी बरोबर येऊ का?' किंवा 'रविवारी मी याच्याजवळ बसतो, तुम्ही दोघं जरा बाहेर जाऊन या.' त्या मुलाशी दोन वाक्यं बोला, उत्तर आलं नाही तरी. आणि शहाळं न्यायला विसरू नका.